उखडलेल्या रुळांचे दप्तर

एखादा लोहमार्ग सुरू होतो त्या दिवसाची साक्ष देणारे कागद पुष्कळ असतात: सरकारी राजपत्रातील अधिसूचना, तपासणी अधिकाऱ्याचा दाखला, वर्तमानपत्रांतील समारंभाचा वृत्तान्त, कंपनीच्या भागधारकांपुढे वाचलेला अहवाल. तोच मार्ग तीस, साठ किंवा शंभर वर्षे चालून बंद पडतो तेव्हा मात्र त्या घटनेला दप्तरात क्वचितच जागा मिळते. स्थानकाच्या फळ्यावर ‘पुढील हुकूम होईपर्यंत गाडी धावणार नाही’ अशी सूचना लागते, तो पुढील हुकूम कधीच निघत नाही, आणि काही वर्षांनी रूळ उचलले जातात. म्हणून बंद पडलेल्या मार्गांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला प्रथम पडणारा प्रश्न असा की, ज्या शेवटाची नीट नोंदच झालेली नाही त्याची कारणे शोधावयाची कोठे? माझ्या मते ती मार्गाच्या आरंभीच्या कागदांत शोधावीत. तो कोणासाठी, कोणत्या मालासाठी, कोणाच्या पैशाने आणि किती रुंदीच्या रुळांवर बांधला गेला हे एकदा स्पष्ट झाले, की तो का थांबला याचा उलगडा बहुतेक वेळा आपोआप होतो.

मुंबईतील कुलाबा स्थानकाचेच उदाहरण पाहा. बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८७३ साली कुलाब्यापर्यंत पोहोचली आणि १८९६ मध्ये तेथे टोलेजंग स्थानक उभे राहिले. चर्चगेटच्या पुढे बेटाच्या त्या अरुंद दक्षिण टोकावर गाडी नेण्याचे प्रयोजन काय, असे आजच्या प्रवाशाला वाटेल. परंतु त्या काळी मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याला भरत असे. १८४४ साली टाउन हॉलसमोरून हलवलेला हा बाजार तेथे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ नांदला, आणि १९२० नंतरच्या दशकात तो शिवडीकडे गेला. आजच्या कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव त्याच स्थलांतराची खूण आहे. दरम्यान बॅकबे भरणीची योजना पुढे सरकली, किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आला, आणि १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रलचे उद्घाटन होऊन त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कुलाब्याची गाडी कायमची थांबली. स्थानकाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. केवळ १९३०च्या कागदांवर विसंबणारा अभ्यासक भरणी योजनेपाशी थांबेल. ज्याने १८४४ पासूनचा कापूसबाजार पाहिला असेल त्याला मात्र दिसेल की, स्थानकाखालची जमीन काढून घेतली जाण्यापूर्वीच त्याच्या पायाखालचे कारण निघून गेले होते.

याच्या उलट गोष्ट साष्टीतल्या एका मार्गाची. अंधेरीपासून कुर्ल्यावरून तुर्भ्याकडे, म्हणजे ट्रॉम्बेकडे, जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा हा मार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. पूर्व आणि पश्चिम उपनगरे आडवी जोडण्याची ती कल्पना काळाच्या फार पुढे होती; ज्या वस्तीसाठी ती गाडी होती ती वस्ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली. कुर्ल्याच्या पूर्वेकडील भाग उपनगरी वाहतुकीत टिकला; पश्चिमेकडील भाग कलिन्याच्या परिसरात असा विरून गेला की, आज तेथील सी. एस. टी. रोड या नावातील आद्याक्षरे ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ची आहेत हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते. २०१४ साली घाटकोपर-अंधेरी मेट्रो सुरू झाली तेव्हा तोच आडवा दुवा आठ दशकांनंतर पुन्हा सांधला गेला. एखादा मार्ग बंद पडला म्हणजे तो चुकीचाच होता, असा निष्कर्ष घाईने काढू नये, हे या प्रकरणावरून मनावर ठसते.

परंतु या विषयाची खरी पाठशाळा वऱ्हाडात आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला (सुमारे ७६ किलोमीटर), दुसरा यवतमाळला (सुमारे ११३ किलोमीटर), आणि पुलगावहून आर्वीला तिसरा (सुमारे ३५ किलोमीटर), अशा ज्या तीन अरुंदमापी मार्गांना मिळून लोक ‘शकुंतला’ म्हणून ओळखतात, त्यांची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची होती. मुंबईतील किलिक, निक्सन आणि कंपनी या पेढीच्या व्यवस्थापनाखाली ही कंपनी १९१० साली स्थापन झाली. गाड्या चालवण्याचे काम मात्र आरंभापासून जी. आय. पी. रेल्वेकडे आणि स्वातंत्र्योत्तर काळात मध्य रेल्वेकडे राहिले. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, आणि उत्पन्नाची वाटणी करारनाम्याप्रमाणे, अशी ही व्यवस्था देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही टिकून राहिली. ती इतकी वर्षे कशी टिकली यावर वर्तमानपत्रांनी आजवर पुष्कळ नवल व्यक्त केले आहे. अभ्यासकाला मात्र त्या मालकीचे परिणाम अधिक महत्त्वाचे वाटले पाहिजेत. ज्या मार्गाची मालमत्ता आपली नाही, त्याच्या रुळांवर, पुलांवर आणि स्लिपाटांवर पैसा ओतण्यास चालवणारा नाखूश असतो, आणि ज्याची मालमत्ता आहे त्याला ती चालवावयाची नसल्याने दुरुस्तीची निकड जाणवत नाही. गाडीचा वेग वर्षानुवर्षे उतरत गेला याचे बीज त्या करारनाम्यातच होते, असे मला निश्चयपूर्वक वाटते. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत काम करीत होते. हे जसे त्या इंजिनाचे आणि त्याची निगा राखणाऱ्या कामगारांचे कौतुक आहे, तसेच मार्गाच्या उपेक्षेचे प्रमाणपत्रही आहे.

मार्ग कशासाठी बांधला, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडात एका शब्दात देता येते: कापूस. जी. आय. पी.ची मुख्य वाट १८६७ साली नागपूरला पोहोचली, आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या काळ्या जमिनीतील रुई मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी फाटे काढण्याची घाई सुरू झाली. आता येथे एक तुलना अवश्य करून पाहावी. खामगाव आणि अमरावती या दोन कापूसपेठांनाही १८७० आणि १८७१ साली असेच फाटे मिळाले होते. तेही अंतराने लहान आणि कापसापुरतेच. पण ते ५ फूट ६ इंच रुंदीचे, म्हणजे मुख्य मार्गाच्याच मापाचे होते. आणि ते दोन्ही आजही चालू आहेत. शकुंतलेचे रूळ २ फूट ६ इंचांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे. यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली प्रत्येक गठाण मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. त्यात हमालीचा खर्च, खोळंबा, पावसात भिजण्याचे भय आणि गठाणी फुटण्याचे नुकसान. मालमोटार आली आणि तिने जिनच्या दारातून माल उचलून थेट मुंबईला पोहोचवण्यास प्रारंभ केला, तेव्हा या दुहेरी हाताळणीचा हिशेब व्यापाऱ्याने चटकन मांडला. मुलूख तोच, पीक तेच, तरी दोन फाटे जगले आणि तीन थांबले. यात मापाचा वाटा किती मोठा असावा हे त्यावरून कळते. पुढे हे तिन्ही मार्ग टप्प्याटप्प्याने निष्प्राण झाले. रुंदमापी रूपांतराची मागणी तेथील लोकांनी सातत्याने लावून धरली आहे, आणि यवतमाळच्या दिशेने वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग २०२४ साली कळंबपर्यंत खुला झाला आहे.

मापाच्या याच प्रश्नाशी ज्याने जन्मभर झुंज दिली तो अभियंता म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट रेल्वेचा जनक. जी. आय. पी.च्या नोकरीत असताना त्याने पाहिले की, बार्शीसारखी भरभराटीची पेठ मुख्य मार्गापासून केवळ २१ मैलांवर असून बैलगाडीच्या स्वाधीन आहे. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापून १८९७ साली त्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू केली. एका आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, मग रूळ हलके चालतात आणि डबे मोठे करता येतात, हे त्याचे सूत्र. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज, असा सुमारे २०० मैलांचा पसारा या मार्गाने व्यापला, वारकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाहिल्या, आणि १९५४ साली सरकारने तो विकत घेतला.

या मार्गाचे कागद शोधणाऱ्याची परीक्षा मोठी कठीण असते, कारण तो अनेक सत्तांच्या हद्दींतून गेला होता. बार्शी आणि पंढरपूर इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या राज्यात, आणि मिरजेकडची वाट दक्षिणेतील संस्थानांतून. प्रत्येक हद्द ओलांडताना जमिनीचा मोबदला, पोलिसांचा अधिकार, जकात आणि न्यायाधिकार यांविषयी स्वतंत्र पत्रव्यवहार झाला असणारच. त्यामुळे एकाच रुळाची कहाणी मुंबईच्या पुराभिलेखागारात इंग्रजीत, हैदराबादच्या दप्तरात फारसी-उर्दूत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आणखी तिसऱ्या दृष्टिकोनातून विखुरलेली आढळते. ज्याला तिन्ही ठिकाणी जाणे शक्य नाही त्याने निदान एवढे स्मरणात ठेवावे की, आपल्या हाती आलेला कागद एका पक्षाचा आहे. अभियंत्याच्या अहवालात जी जमीन ‘पडीक’ असते ती शेतकऱ्याच्या अर्जात कुरण असू शकते.

कॅलथ्रॉपची आणखी एक कृती येथे सांगितली पाहिजे, कारण तिने आपला मुद्दा पुरा होतो. बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात त्याने लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा तेवढ्याच मापाचा मार्ग बांधला. तो १९०४ मध्ये सुरू झाला. माल उतरवण्या-चढवण्याचा जाच टाळण्यासाठी त्याने तेथे मोठ्या मापाचा डबा जसाच्या तसा उचलून नेणाऱ्या खास वाहकगाड्या वापरल्या, म्हणजे ज्या दोषाने पुढे वऱ्हाडची गाडी गांजली तो दोष त्याने तंत्राने दूर केला होता. तरीही १९३४ साली तो मार्ग बंद पडला, कारण त्याचा मुख्य आधार दूध होते, आणि एक्टन येथील दुधाचा कारखाना बंद झाल्यावर वाहावयाला काही उरलेच नाही. माप सुधारून भागत नाही. एकाच मालावर विसंबलेली वाट त्या मालाबरोबर संपते. तेथील रूळ निघाल्यानंतर १९३७ साली त्या वाटेवर पायी फिरणाऱ्यांसाठी रस्ता खुला झाला, आणि त्यामुळे वळणे, चढ आणि बोगदा आजही चालत जाऊन तपासता येतात. आपल्याकडे बार्शीची मूळ रेषा इतकी भाग्यवान ठरली नाही. १९९२ पासून एकमापी धोरणाने देशभर रुंद रूळ पडू लागले. ते धोरण योग्यच होते, पण कुर्डुवाडी-लातूर आणि पंढरपूर-मिरज या पट्ट्यांत नवी गाडी येताना जुनी वळणे अनेक ठिकाणी सोडून दिली गेली. लातूर शहरात तर ‘जुनी रेल्वे लाइन’ हा आता पत्त्यातला शब्द आहे.

कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण हौशी अभ्यासक पुष्कळदा एखाद्या प्रसिद्ध तारखेवर समाधान मानतो. रेल्वे बोर्डाने वेळोवेळी प्रसिद्ध केलेला ‘हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज’ हा ग्रंथ प्रत्येक मार्गाचे अंतर, माप, मालकी आणि खुला होण्याची तारीख देतो. आरंभ तेथून करावा. त्यात एकाच मार्गाला अनेक तारखा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये, कारण मार्ग तुकड्यातुकड्याने खुले होत, आणि मालासाठी व प्रवाशांसाठी खुले होण्याचे दिवसही पुष्कळदा वेगळे असत. शकुंतलेच्या जन्मवर्षाविषयी छापील मजकुरात जी तफावत आढळते तिचा उगम, माझ्या समजुतीप्रमाणे, मंजुरी, कंपनीची स्थापना, बांधकाम आणि वाहतूक या चार निरनिराळ्या घटनांची सरमिसळ होण्यात आहे. त्यानंतर जुनी वेळापत्रके पाहावीत. न्यूमनचे ‘इंडियन ब्रॅडशॉ’ हे वेळापत्रक दशकानुदशके निघत असे; त्याचे दहा-दहा वर्षांच्या अंतराचे अंक समोर ठेवले तर मार्गाचे आरोग्य आपल्या डोळ्यांसमोर उलगडते. आधी दिवसातील गाड्या चारावरून दोनावर येतात, मग तेवढ्याच अंतराला लागणारा वेळ वाढतो, मग मधली एखादी थांब्याची जागा गाळली जाते. हे सर्व मार्ग बंद होण्याच्या कितीतरी आधी घडलेले असते आणि त्याविषयी कोणताही वेगळा अहवाल लिहिलेला नसतो. वेळापत्रक हा रेल्वेच्या दप्तरातील सर्वांत निर्विकार आणि म्हणूनच सर्वांत विश्वासार्ह कागद आहे.

यापुढचा टप्पा मामलेदार कचेरीचा. रेल्वेसाठी घेतलेली जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली असेल तर तिचा निवाडा झालेला असतो, मूळ सर्व्हे नंबराचे हिस्से पडलेले असतात, आणि गावनकाशावर तो लांबट पट्टा इतर शेतांच्या चौकोनांना तिरपा छेद देत गेलेला दिसतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी आणि सातबारा व फेरफार यांच्याशी ती ताडून पाहावी. जो पट्टा अजून रेल्वेच्या नावावर आहे तेथे मूळ रेषा बहुधा जशीच्या तशी सापडते. जेथे तो वाटला गेला आहे तेथे कोणाच्या नावे, कोणत्या वर्षी, हे कळते, आणि तो गावाच्या अर्थकारणाचा एक स्वतंत्र अध्याय असतो. याला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांची जोड द्यावी. शेतीच्या खात्यात रेल्वे शोधणे हे काम आडवाटेचे वाटते खरे, परंतु ज्यांनी ते केले आहे त्यांना रेल्वेच्या मुख्यालयात न मिळालेली माहिती तलाठ्याच्या दप्तरात मिळालेली आहे.

आणि मग पायी निघावे. लोहमार्गाची जुनी रेषा ओळखण्याची मुख्य खूण अशी की, गाडीला एकदम वळता येत नाही आणि एकदम चढताही येत नाही. रस्ता टेकडीला वळसा घालतो किंवा सरळ तिच्यावर चढतो. लोहमार्ग तिला कापून जातो आणि निघालेली माती पुढच्या ओढ्याच्या खोलगट भागात भराव म्हणून टाकतो. त्यामुळे सपाट रानात दूरवर समपातळीत जाणारा मातीचा बांध, त्यावर माजलेल्या बाभळी, मधून मधून घडीव दगडाची मोरी, आणि टेकाडापाशी दोन्ही बाजूंना उभी कापलेली घळ, असा क्रम दिसला की शंका उरत नाही. स्थानकाची जागा पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावरून आणि विहिरीवरून ओळखता येते, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी ठरावीक अंतरावर लागतच असे. मोरीच्या कमानीवर किंवा गर्डरवर कोरलेले वर्ष आढळले तर ते टिपून घ्यावे, पण ते पुढच्या दुरुस्तीचेही असू शकते, हे विसरू नये.

सह्याद्रीत या निरीक्षणाला वेगळे भव्य रूप येते. बोरघाटातील १८६३ साली खुला झालेला मार्ग ३७ फुटांस १ फूट अशा तीव्र चढाने वर येत असे, आणि खंडाळ्याखाली कड्याच्या टोकावर वळायला जागाच नसल्याने तेथे गाडी थांबे आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लावल्यावर ती उलट दिशेने पुढचा चढ चढत असे. १९२९ च्या सुमारास विजेच्या गाड्यांबरोबर नवी वाट काढली गेली आणि ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ ओस पडले; त्याचे अवशेष द्रुतगती मार्गावरून जाताना अजून दिसतात. या घाटाच्या बांधकामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोहोचताच अल्पावधीत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून पुरे केले. इतिहासात तिचे नाव राहिले, हे उचितच झाले. परंतु १८६१ मध्ये या घाटात ज्या सुमारे ४२ हजार मजुरांचे हात एकाच वेळी राबत होते, त्यांच्यापैकी साथीने व अपघाताने मेलेल्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. लोहमार्गाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या अंगावर ही उणीव पदोपदी येते. अभियंत्यांचे अहवाल, कंपनीचे ताळेबंद आणि गव्हर्नरांची भाषणे जपून ठेवली गेली. माती वाहणारा गृहीत धरला गेला.

हीच उणीव अलीकडच्या काळापुरती तरी भरून काढणे अद्याप शक्य आहे, आणि ते काम कोणत्याही पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी करावे असा माझा आग्रह आहे. कारण कागद थांबून राहतो, माणसे थांबत नाहीत. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर, आर्वी, कुर्डुवाडी येथे निवृत्त गँगमन, पॉइंट्समन, फायरमन, गार्ड आजही भेटतात. त्यांना ‘गाडी कशी होती’ असे मोघम विचारू नये. तसे विचारले की आठवणींचा हुंदका तेवढा ऐकू येतो. त्यांना कामाचे प्रश्न विचारावेत: तुमच्या टोळीकडे किती मैलांचा पट्टा होता, पावसाळ्यात भराव कोठे खचे, कोणत्या मोरीपाशी गाडीला वेग कमी करण्याचा हुकूम असे, कोळसा कोठे भरत, मालधक्क्यावर हमाली कोण देई, कोणत्या वर्षानंतर रुईच्या गठाणी येईनाशा झाल्या, शेवटचा नवा रूळ कधी पडला. अशा प्रश्नांची उत्तरे नेमकी येतात आणि ती वेळापत्रकाशी, ताळेबंदाशी, जमिनीवरच्या मोरीशी ताडून पाहता येतात. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्याही मागाव्यात. ज्या वर्षी अडत्याच्या वहीत रेल्वे पावतीच्या जागी मालमोटारीचे भाडे लिहिले जाऊ लागले, ते वर्ष त्या मार्गाच्या दृष्टीने कोणत्याही सरकारी सूचनेपेक्षा अधिक निर्णायक होते.